पायऱ्या सहा, निर्णय घेणारा एकच

वाचकाचं पत्र

"माझा प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना आहे. सात वर्षांपूर्वी आम्ही १४ जण होतो, आज ९२ आहोत. त्यांतले ७२ जण दोन शिफ्टमध्ये मशीनवर आणि असेंब्ली-पॅकिंगवर असतात. चांगली माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून दरवर्षी कुणाला ना कुणाला बढती देत गेलो. आता सुपरवायझर, त्याच्यावर असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर, सीनियर मॅनेजर, डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर) आणि जीएम (जनरल मॅनेजर) अशी उतरंड झाली आहे. तरीही रात्री मशीन बंद पडलं की फोन मलाच येतो. कुणाला अर्ध्या दिवसाची रजा हवी असली तरी कागद माझ्याच टेबलावर. सर्वांत हुशार ऑपरेटरला गेल्या वर्षी सुपरवायझर केलं. तो अजूनही मशीनपाशीच उभा असतो आणि बाकीची शिफ्ट रामभरोसे चालते. माझी भाची मॅनेजमेंट शिकते. तिच्या पुस्तकात व्यवस्थापनाच्या तीनच पातळ्या दिल्या आहेत. मग आमच्याकडे सहा कशा? नेमक्या किती हव्यात आणि कुणी काय करायचं?"

उत्तर

नमस्कार,

भाचीचं पुस्तक बरोबर आहे. एकाच जागी चालणाऱ्या ९२ माणसांच्या कारखान्याला तीन पातळ्या पुरतात. वर तुम्ही, मध्ये विभाग सांभाळणारे आणि खाली शिफ्ट चालवणारे सुपरवायझर. तुमच्याकडे सहा पातळ्या आहेत असं तुम्हाला वाटतं, पण पत्रातला मजकूर पाहिला तर प्रत्यक्षात एकच आहे. रजेपासून मशीनपर्यंत प्रत्येक गोष्ट तुमच्यापाशी येऊन संपते. मधली सगळी मंडळी निरोप वर नेतात आणि उत्तर खाली आणतात.

पातळी पदनामावरून मोजू नका, पगारावरूनही नाही. एखादा निर्णय ज्या माणसापाशी संपतो, म्हणजे त्याला आणखी वर विचारायला जावं लागत नाही, तिथे एक पातळी आहे असं समजा. ही कसोटी तुमच्या उतरंडीला लावून पाहा. जीएम असा कोणता निर्णय घेतात जो डीजीएमना घेता येत नाही? डीजीएमचा असा कोणता, जो सीनियर मॅनेजरच्या हाताबाहेरचा आहे? दोन मिनिटांत तीन उदाहरणं आठवली नाहीत, तर त्या दोन पातळ्या नव्हेत, एकाच पातळीवरची दोन माणसं आहेत. दुसरी खूण याहून सोपी. कागदावर तक्ता काढा. एकाच्या हाताखाली एकच माणूस, त्याच्या हाताखाली पुन्हा एकच, अशी साखळी दिसली तर ती बढत्यांमधून तयार झालेली आहे, कामातून नाही. एका माणसाचं काम पाहायला दुसरा पूर्ण वेळचा माणूस लागत नाही. मग वरचा वेळ घालवण्यासाठी खालच्याचंच काम करत बसतो किंवा त्याच्या कामाची पुन्हा तपासणी करत बसतो.

आता कुणी काय करायचं ते. पुस्तकात वरच्या पातळीनं धोरण ठरवायचं, मधलीनं ते राबवायचं, खालच्यानं देखरेख करायची असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्यावरून सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा तुमच्याच शॉप फ्लोअरवरचा एक दोष घेऊ.

एबीएस या प्लास्टिकपासून बनवलेल्या तुकड्यांवर रुपेरी पट्टे यायला लागले. बहुतेक वेळा कारण दाण्यांतला ओलावा असतो. एबीएसचे दाणे साधारण ८० अंश सेल्सिअसला दोन ते चार तास सुकवावे लागतात. घाईत अर्ध्या वेळातच हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात, टाकले की आतलं पाणी बॅरलमध्ये, म्हणजे दाणे वितळवणाऱ्या नळीत, वाफ होतं आणि पृष्ठभागावर रेघा उठतात. इथे सुपरवायझरचं काम काय? मशीन थांबवायचं, शेवटच्या चांगल्या तुकड्यानंतरचा माल वेगळा काढून त्यावर लाल चिठ्ठी लावायची, दाणे पुन्हा सुकायला टाकायचे आणि तोवर त्या मशीनवरच्या माणसांना दुसरं काम द्यायचं. हे सगळं पुढच्या पंधरा मिनिटांत, कुणाला न विचारता. या निर्णयाचा परिणाम त्याच शिफ्टपुरता आहे, आणि माहितीही सगळी त्याच्यासमोर आहे.

मधल्या पातळीवरच्या प्रॉडक्शन मॅनेजरचं काम तिथे धावत जाऊन ड्रायरचं बटण दाबण्याचं नाही. त्यानं महिन्याची नोंदवही उघडायची. हाच दोष या महिन्यात तिसऱ्यांदा आला, तिन्ही वेळा दुसऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला आला, आणि तिन्ही वेळा त्याच सुमारास मटेरियल बदललं होतं, असं त्याला दिसलं पाहिजे. म्हणजे दोष ऑपरेटरचा नाही. मटेरियल बदलाची वेळ आणि ड्रायर भरण्याची वेळ यांचं गणित चुकतंय. मग त्यानं प्लॅनिंग बदलायचं. बदल ज्या शिफ्टमध्ये आहे त्याच्या चार तास आधी ड्रायर भरायचा, ही जबाबदारी स्टोअरकडे द्यायची आणि पुढचे चार आठवडे आकडा उतरतो का ते पाहायचं.

तुमचं काम आणखी वेगळं. येत्या दोन वर्षांत एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या ऑर्डरी वाढवायच्या आहेत का? पॉलिकार्बोनेटला १२० अंशांच्या आसपास तीन-चार तास सुकवणं लागतं. वाढवायच्या असतील तर आजचे सुटे ड्रायर पुरणार नाहीत, मध्यवर्ती यंत्रणा लागेल. तिच्यात पैसे घालायचे की तो माल सोडून द्यायचा, हे फक्त तुम्हीच ठरवू शकता. रात्री ११ वाजता रुपेरी पट्ट्यांबद्दल फोनवर सूचना देत बसलात, तर हा प्रश्न कुणीच विचारत नाही. मालक सुपरवायझरचं काम करतो तेव्हा मालकाची खुर्ची रिकामी असते. कारखाने अडतात ते बहुतेक इथेच.

एकाच दोषाकडे तिघांनी पाहिलं, फरक पडला तो काळाच्या पल्ल्यात. सुपरवायझरची नजर आजच्या शिफ्टपासून फार तर महिन्यापर्यंत, मधल्याची महिन्यापासून वर्षापर्यंत, तुमची वर्षापासून पुढे पाच वर्षांपर्यंत. इलियट जॅक्स या अभ्यासकानं कामाची पातळी मोजायला हेच माप वापरलं. त्या माणसाच्या हातात असलेलं सर्वांत लांब पल्ल्याचं काम किती दिवसांचं आहे? त्याच्या मोजणीत तीन महिन्यांपर्यंतची कामं पहिल्या थरात, तीन महिने ते एक वर्ष दुसऱ्यात, एक ते दोन वर्षं तिसऱ्यात आणि दोन ते पाच वर्षं चौथ्यात येतात. तुमच्या जीएमच्या हातातलं सर्वांत लांबचं काम "या आठवड्याचं डिस्पॅच" एवढंच असेल, तर कार्डावर काहीही असो, ते पहिल्या थरात काम करत आहेत. दोष त्यांचा असेलच असं नाही. लांबचं काम त्यांना कुणी दिलंच नसेल.

आता माणसं कशी बसवायची ते पाहू. पत्रातल्या आकड्यांवरून दर शिफ्टला ३६ माणसं होतात. दोन सुपरवायझर धरले तर बहुधा तुम्ही त्यांना १८-१८ वाटून दिली असतील, निम्मी मशीनवरची आणि निम्मी पॅकिंगची. ही वाटणी न्याय्य दिसते, पण कामाला चुकीची आहे. मोल्डिंगमध्ये दर तासाला काही ना काही बदलतं. साचा उतरतो, नवा चढतो, रंग बदलतो, तापमान हलतं, पहिला तुकडा मंजूर करावा लागतो. अशा कामात एका माणसाला ८ ते १२ जणांपेक्षा जास्त नीट सांभाळता येत नाहीत. असेंब्ली-पॅकिंगचं काम ठरावीक असतं आणि डोळ्यांसमोर चालतं. तिथे २० ते २५ जण एका सुपरवायझरखाली चालून जातात. तेव्हा एकाला मोल्डिंगचे १२ आणि दुसऱ्याला पॅकिंगचे २४, अशी कामानुसार वाटणी करा. पॅकिंगमध्ये बारा-बारांच्या दोन टोळ्या करून प्रत्येकीत एक अनुभवी माणूस पुढे ठेवा. नवीन भरती एकही नको.

फक्त हा पुढे ठेवलेला माणूस, म्हणजे लाइन लीडर, पातळी होऊ देऊ नका. तो स्वतः हातानं काम करतो, नव्याला शिकवतो, माल संपत आला की ओरडून सांगतो. रजा, ओव्हरटाइम, समज देणं हे त्याच्याकडे नाही. एकदा का त्याची सही रजेच्या अर्जावर यायला लागली की तुमची सातवी पायरी तयार झाली.

हाताखाली किती माणसं असावीत याचा एक ठरलेला आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. ग्रेक्युनास या सल्लागारानं १९३३ साली एक हिशेब मांडला होता. हाताखालच्यांचे साहेबाशी, आपापसांत आणि गटागटांनी होणारे सगळे संबंध मोजले तर ४ माणसांमागे ४४, ५ मागे १०० आणि ६ मागे २२२ होतात. आकडे पाहून धडकी भरते, पण त्यातले बहुतेक संबंध रोजच्या कामात जागेच होत नाहीत. तुमच्या पॅकिंगच्या २४ जणांना एकमेकांवाचून काम करता येतं, म्हणून ते एकाखाली चालतात. विभागप्रमुखांचं तसं नसतं. क्वालिटीनं माल रोखला की डिस्पॅच अडतं, मेंटेनन्स लांबलं की प्रॉडक्शनचं प्लॅनिंग कोसळतं. अशी एकमेकांत अडकलेली पाच-सहा माणसं तुमच्या हाताखाली असली तरी पुष्कळ झालं. ग्रेक्युनासचा हिशेब खरा लागू पडतो तो तिथे.

पाच-सहा म्हटलं, आणि नशिबानं तुमच्याकडे सुपरवायझरच्या वर पाचच पदं आहेत. पदामागे एक माणूस असेल, तर एकाखाली एक अशी उभी केलेली ही माणसं शेजारी-शेजारी उभी करा. एकाकडे प्रॉडक्शन. एकाकडे साचे आणि मेंटेनन्स. एकाकडे क्वालिटी. एकाकडे प्लॅनिंग, स्टोअर आणि डिस्पॅच. एकाकडे हिशेब, हजेरी-पगार आणि प्रशासन. पाचही जण थेट तुम्हाला जबाबदार. शिफ्टचे चारही सुपरवायझर प्रॉडक्शनवाल्याला जबाबदार. क्वालिटी मात्र प्रॉडक्शनखाली ठेवू नका. ज्याच्यावर आकडा गाठायचं ओझं आहे, त्याच्याच हातात माल नाकारायचा अधिकार दिला तर महिनाअखेरीला लाल चिठ्ठ्या कमी व्हायला लागतात.

इथे तुम्ही म्हणाल, जीएमना असिस्टंट मॅनेजरच्या शेजारी बसवलं तर ते उद्याच राजीनामा देतील. म्हणून पद आणि ग्रेड वेगळे करा. ग्रेड म्हणजे पगार, ज्येष्ठता, सवलती. ती आहे तशीच राहू द्या, कार्डावरचं नावही राहू द्या. बदलायचं ते फक्त कोण कुणाला जबाबदार आणि कुणाचा निर्णय कुठे संपतो हे. जीएमकडे पाचांतला सर्वांत मोठा विभाग जाईल, तुम्ही नसताना तुमच्या जागी तेच बसतील, एवढं स्पष्ट सांगितलं की बहुतेक वेळा मान राहतो. हे सभेत जाहीर करण्याआधी प्रत्येकाशी एकेकट्यानं बोला. सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकलेली गोष्ट माणूस काही केल्या विसरत नाही.

आता कोणता निर्णय कुणाचा, याचा तक्ता. यावाचून वरचं सगळं कागदावर राहील. आधी दोन आठवडे तुमच्याकडे येणारा प्रत्येक फोन, मेसेज आणि सहीचा कागद वहीत लिहा. कुणी विचारलं, काय विचारलं, आणि त्यानं स्वतः का ठरवलं नाही. तिसऱ्या रकान्यात तीनच उत्तरं असतात. अधिकार नव्हता, माहिती नव्हती, किंवा दोन्ही असून भीती होती. अधिकार नव्हता तर तो द्या. माहिती नव्हती तर ती कुठे अडकते ते शोधा. भीती असेल तर आरशात पाहा, कारण मागे कधीतरी कुणीतरी स्वतः ठरवलं आणि चारचौघांत बोलणी खाल्ली, हे शॉप फ्लोअर लक्षात ठेवतो.

वहीतून २५-३० वारंवार येणारे निर्णय निघतील. प्रत्येकापुढे लिहा: कोण ठरवणार, कुणाला नंतर नुसतं कळवायचं, आणि कोणत्या मर्यादेपलीकडे वर जायचं. मर्यादा आकड्यांत हवी. "गरजेनुसार" आणि "आवश्यक वाटल्यास" हे शब्द तक्त्यात आले की पुन्हा फोन सुरू. सुपरवायझरसाठी साधारण असं: एका दिवसापर्यंतची रजा (आपल्या गटातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त माणसं एकाच वेळी गैरहजर होणार नसतील तर), शिफ्टमध्ये तिघांपर्यंत दोन तासांचा ओव्हरटाइम, सुरक्षेसाठी किंवा क्वालिटीसाठी मशीन थांबवणं (याला मर्यादाच नाही), माणसांची अदलाबदल, तोंडी समज. विभागप्रमुखासाठी: ठरलेल्या मासिक खर्चाच्या आतली खरेदी (एकेका खरेदीला त्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत), आठवड्याच्या प्लॅनमध्ये बदल (ग्राहकाची तारीख हलत नसेल तोवर), लेखी समज, आपल्या विभागातली मंजूर जागांवरची निवड. तुमच्याकडे राहतं ते: नवी मशीन आणि साचे, नवा ग्राहक, दर, कर्ज, मंजूर जागा वाढवणं, विभागप्रमुखांची नेमणूक आणि कुणालाही कामावरून काढणं. टक्के तुमच्या व्यवसायाला बसतील तसे बदला, पण आकडे असू द्या.

तक्ता केल्यावर हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. रजेचा अधिकार सुपरवायझरला दिला, पण हजेरी-पगार पाहणारा कारकून सवयीनं तुमची सही मागतो. पंधरा दिवसांत सगळे पुन्हा तुमच्याकडे. म्हणून प्रत्येक ओळ ज्या-ज्या टेबलावरून जाते त्या सगळ्यांना नवा नियम कळवा, आणि जुन्या फॉर्मवरचा मालकाच्या सहीचा रकाना छापखान्यातूनच काढून टाका.

रात्रीच्या फोनसाठी वेगळी पायरी-पद्धत लागते, आणि ती घड्याळावर चालते. मशीन थांबलं की पहिली पंधरा मिनिटं सुपरवायझर आणि ऑपरेटरची. पीव्हीसी किंवा ॲसिटालसारखं मटेरियल गरम बॅरलमध्ये पडून राहिलं तर ते जळतं आणि त्रासदायक वायू सोडतं. त्यामुळे तापमान उतरवणं आणि बॅरल रिकामं करणं याला परवानगीची वाट पाहताच येत नाही. पंधरा मिनिटांनंतर शिफ्टचा फिटर. पाऊण तासात सुटलं नाही तर साचा दुसऱ्या मशीनवर चढवायचा. तो चढेल की नाही हे मशीनच्या टनेजवर (साचा दाबून धरण्याच्या ताकदीवर), टाय-बारमधल्या (साचा ज्या दांड्यांमध्ये बसतो त्यांच्यामधल्या) अंतरावर आणि शॉटच्या (एका वेळी साच्यात जाणाऱ्या प्लास्टिकच्या) वजनावर ठरतं. रात्री दोन वाजता हे शोधत बसायचं नसतं. कोणत्या साच्याला पर्यायी मशीन कोणतं, ही यादी मधल्या पातळीनं आधीच करून भिंतीवर लावलेली हवी. दोन तास झाले किंवा पर्यायी मशीनच नसलं तर प्रॉडक्शन मॅनेजरला फोन. तुम्हाला फोन तीनच कारणांसाठी: कुणाला इजा झाली, आग लागली, किंवा ग्राहकाची लाइन बंद पडणार. बाकी सगळं सकाळच्या बैठकीत.

तरीही फोन येईल, पहिला महिनाभर तर नक्की. तेव्हा उत्तर देऊ नका. "तक्त्यात हे कुणाकडे आहे?" एवढंच विचारा. उत्तर तुम्हाला माहीत असतं, सांगायला दहा सेकंद लागतात, आणि त्या दहा सेकंदांत महिन्याची मेहनत वाया जाते. समोरचा जो निर्णय सांगेल तो तुम्हाला थोडा कमी पसंत असला तरी चालू द्या. माणूस किंवा ग्राहक धोक्यात असेल तेवढंच थांबवा.

उलट्या दिशेचं उल्लंघन याहून जास्त नुकसान करतं. मालक शॉप फ्लोअरवर फेरी मारतो, पॅकिंगचा एक कोपरा त्याला पटत नाही, आणि तिथल्या मुलाला तो सांगतो, "हे असं नको, तसं कर." मुलगा करतो. तासाभरानं सुपरवायझर येतो आणि त्याला ते पुन्हा पहिल्यासारखं करायला सांगतो. मुलानं कुणाचं ऐकायचं? व्यवस्थापनाचे फ्रेंच अभ्यासक हेन्री फेयॉल यांनी १९१६ साली मांडलेल्या तत्त्वांत एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा, हे आहे ते याचसाठी. फेरी बंद करू नका, ती हवीच. विचारा वाटेल त्याला, आदेश मात्र विभागप्रमुखाला द्या. अपवाद फक्त धोक्याचा. मशीनचं गार्ड उघडं दिसलं तर मशीन स्वतः थांबवा.

फेयॉल यांनीच आडव्या पुलाची वाटही सांगून ठेवली आहे. पॅकिंगच्या सुपरवायझरला खोके हवे आहेत. त्यानं प्रॉडक्शन मॅनेजरला सांगायचं, त्यानं तुम्हाला, तुम्ही प्लॅनिंगवाल्याला आणि त्यानं स्टोअरला, असं कुणी चालवत असेल तर तो शिस्तीचा अतिरेक आहे. सुपरवायझरनं सरळ स्टोअरवाल्याशी बोलायचं, दोघांनी ठरवायचं आणि आपापल्या साहेबाला कळवायचं. दोन्ही साहेबांची याला आधीच संमती हवी. दोघांचं जमलं नाही तरच प्रकरण वर.

तुमच्या हुशार ऑपरेटरबद्दल थोडं विस्तारानं लिहावं लागेल, कारण असा माणूस जवळपास प्रत्येक कारखान्यात सापडतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली मांडलेली विभागणी इथे कामाची आहे. तांत्रिक कौशल्य, माणसांशी वागण्याचं कौशल्य, आणि सगळा पसारा एकत्र पाहण्याचं कौशल्य. खालच्या पातळीवर पहिलं जास्त लागतं, वर जाल तसं तिसरं, आणि मधलं सगळीकडे. तुम्ही त्याची पहिल्यातली हुशारी पाहून दुसऱ्याची नोकरी दिली. आता काही बिघडलं की तो त्याला येतं ते करतो, म्हणजे मशीनपाशी जातो. तिथे त्याला कुणी हरवू शकत नाही. रजेवरून भांडणाऱ्या दोघांसमोर मात्र तो गोंधळतो, आणि ते साहजिक आहे.

त्याला सहा आठवडे द्या, पण नेमके. पहिल्या दिवसापासून एक नियम: मशीनला हात लावायचा नाही, शेजारी उभं राहून ऑपरेटरकडून करून घ्यायचं. त्यानं चिडचिड होईल, काम आधी हळू होईल. दर तासाला एक फेरी, प्रत्येक मशीनपाशी दोन मिनिटं, तासाचा आकडा आणि नाकारलेले तुकडे फळ्यावर. शिफ्ट सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं येऊन, आधीची शिफ्ट संपवून जाणाऱ्या सुपरवायझरकडून चार्ज घेणं: कोणतं मशीन कुरकुरतंय, कोणता माल रोखलाय, कोण गैरहजर, कोणता साचा चढायचाय. प्रॉडक्शन मॅनेजरनं आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याच्याबरोबर बसून माणसांची दोन प्रकरणं बोलून घ्यायची. रजा नाकारायची कशी, उशिरा येणाऱ्याला बाजूला घेऊन काय म्हणायचं, हे शब्दांसकट. हे कुणी शिकवत नाही, सगळे गृहीत धरतात.

सहा आठवड्यांनी तो अजूनही मशीनपाशीच असेल, तर त्याला परत जाण्याचा सन्मानाचा रस्ता ठेवा. साचे चढवणं, नव्या साच्याची ट्रायल, अवघड दोष शोधणं, नवे ऑपरेटर तयार करणं. यासाठी तज्ज्ञ तंत्रज्ञाची ग्रेड काढा आणि तिचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा ठेवा. अशी दुसरी शिडी नसली की पगार वाढवायला माणसाला साहेबच व्हावं लागतं. तुमच्या जादा पायऱ्या अशाच उगवल्या आहेत.

बैठकांबद्दल थोडक्यात. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं, उभ्यानं, सुपरवायझर आणि त्याची माणसं. रोज सकाळी पंधरा मिनिटं विभागप्रमुखांची, तुमच्याशिवाय. आठवड्यातून एकदा तुमच्यासह एक तास. महिन्यातून एकदा दोन तास, आणि त्यात आजच्या माल-मशीनवर एक शब्द नाही; फक्त पुढचं वर्ष. आकडेही पातळीप्रमाणे वेगळे. सुपरवायझर तासाचं उत्पादन, रिजेक्शन आणि हजेरी पाहतो. विभागप्रमुख आठवड्याचा मशीन-बंद वेळ, वेळेवर गेलेल्या ऑर्डरी आणि परत आलेला माल. तुम्ही महिन्याची येणी, ग्राहकनिहाय नफा आणि साच्यांची उरलेली आयुष्यं. एक काळजी घ्या. खालची वाईट बातमी वर येता-येता गोड होते. "१४ टक्के रिजेक्शन" हे दुसऱ्या टेबलावर "थोडा प्रॉब्लेम होता" होतं आणि तुमच्यापर्यंत "आता ठीक आहे". म्हणून फळ्यावरचा कच्चा आकडा जसाच्या तसा, फोटो काढून, आठवड्याच्या बैठकीत समोर ठेवायचा. गोषवारा नको.

क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे वही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधी एकेकट्याशी बोलणी आणि मग तक्ता, तोही पाच विभागप्रमुख आणि चार सुपरवायझरांना बरोबर बसवून. पाचव्यात नवी मांडणी जाहीर. त्यानंतर दोन महिने काहीच बदलायचं नाही, फक्त तुमच्याकडे येणारे फोन मोजायचे. मग तक्ता पुन्हा उघडायचा. चार-पाच ओळी चुकीच्या ठिकाणी लिहिल्या गेल्याचं तोवर दिसलेलं असेल.

चौथी पातळी कधी लागेल, हेही विचाराल. दुसऱ्या जागी कारखाना काढलात, किंवा तिसरी शिफ्ट आणि नवे विभाग येऊन प्रॉडक्शनवाल्याच्या हाताखाली वेगवेगळ्या कामांचे आठ-नऊ सुपरवायझर झाले, तर. नुसती माणसं वाढली म्हणून नाही. पॅकिंगला आणखी ४० जण आले तरी तिथे फक्त सुपरवायझर वाढतील, पातळी नाही. आणि या मार्चमध्ये कुणी बढती मागायला आलं, तर आधी त्याला विचारा की नव्या पदावर तो असा कोणता निर्णय घेणार आहे जो आज त्याचा साहेब घेतो. उत्तर नसेल, पण माणूस चांगला असेल, तर ग्रेड वाढवा आणि तक्त्याला हात लावू नका.